धरून ठेवलेली जागा

ज्यांना खरं वाटणार नाही त्यांच्याशी मी वाद घालणार नाही. मलाही वाटलं नसतं.

आमच्या घरात भुताखेतांचा विषय कधी निघालाच नाही. वडील शाळामास्तर. कुणी हडळीचं, चकव्याचं काही सांगायला लागलं की ते म्हणायचे, "पुस्तक उघड आणि दोन पानं वाच. बघू कुठलं भूत टिकतं ते." त्यांच्या त्या पुस्तकांच्या ओढीनंच मी ग्रंथालयाच्या नोकरीत आले.

आणि जे घडलं ते पुस्तकांच्या मधोमध घडलं. रात्री नाही. भर दुपारी. डोक्यावर ट्यूबलाइट चालू, आजूबाजूला मुलं वाचत बसलेली...

मी यशोधरा. लोणावळा आणि मळवलीच्या मधे, डोंगराच्या कुशीत आमचं विद्यापीठ आहे. नाव लिहीत नाही, कारण मी अजून तिथेच नोकरीला आहे. गोष्ट गेल्या श्रावणातली.

आमच्याकडे श्रावणात धुकं बाहेर थांबत नाही. खिडकीची फट मिळाली की आत येतं. टेबलांवर रेलतं, कपाटांच्या गल्लीतून हिंडतं, वाचणाऱ्याच्या खांद्यावरून पुस्तकात डोकावतं. दुपारी दोनला दिवे लावावे लागतात. समोरचा विसापूर किल्ला आठवडा आठवडा दिसत नाही.

त्या पावसाळ्यात वाचनालयाचं छत गळायला लागलं होतं. भिंतींना ओल, पुस्तकांना बुरशी. नूतनीकरण मंजूर झालं. पण परीक्षा तोंडावर आलेल्या. मुलांनी पायऱ्यांवर बसून घोषणा दिल्या, तेव्हा ठरलं की लायब्ररी बंद ठेवायची नाही. मोठ्या हॉलचा अर्धा भाग तोडायचा, अर्ध्यात मुलं बसतील. तो अर्धा नवा झाला की मुलं तिकडे, मग उरलेला अर्धा तोडायचा.

मधे प्लायवुडची आडभिंत उभी राहिली. पलीकडे ड्रिल आणि हातोडे. अलीकडे कानात कापसाचे बोळे घातलेली मुलं.

आमचे ग्रंथपाल सुहास सर म्हणायचे, "मॅडम, जगात कुठं बघितलंय का असं? अर्ध्यात युद्ध आणि अर्ध्यात शांतता राखा अशी पाटी!"

खुर्च्या निम्म्या झाल्या. मुलं तेवढीच. मग जागा धरणं सुरू झालं.

ज्यांनी अभ्यासिकेत दिवस काढलेत त्यांना हे सांगायला नको. सकाळी पहिलं येणारं एक जण चौघांची जागा धरतं. खुर्चीवर रुमाल, बाटली, वही, काहीही. एका पठ्ठ्यानं तर एक चप्पल खुर्चीवर ठेवली होती आणि दुसरी पायात घालून चहाला गेला होता.

माझी भाची चैताली तेव्हा माझ्याकडे राहायला होती. माझा भाऊ राजेंद्र तळेगावला कंपनीत आहे. त्याच्या दोन खोल्यांच्या खिडकीखाली मंगल कार्यालय. श्रावणात लग्नं नसली तरी बारशी, मंगळागौरी, रोज लाऊडस्पीकर. पोरीची मुख्य परीक्षा जवळ आलेली. मीच म्हटलं, पाठव मळवलीला. मी सकाळी लायब्ररी उघडायला निघाले की ती माझ्या स्कूटरवर मागे बसायची. त्यामुळे तिला हवी ती जागा मिळायची.

तिनं निवडली प्लायवुडच्या भिंतीला लागून असलेली. अगदी शेवटचं टेबल. दोनच खुर्च्या.

"अगं, पलीकडं ड्रिल चालतंय. डोकं उठेल."

"ड्रिल परवडलं, आत्या. शेजारी बसून फोनवर कुजबुजणारी नको."

म्हणून ती शेजारच्या खुर्चीवर आपली जांभळी ओढणी टाकायची आणि वर पाण्याची बाटली ठेवायची. कुणी विचारलं, "इथे कोणी आहे का?" की मान वर न करता म्हणायची,

"हो. येतेय ती."

कोणी येणार नव्हतं. तिला फक्त एक हात मोकळी जागा हवी होती.

पण मुलं काय कमी असतात? सारिका नावाची एक होती, सगळ्या हॉलच्या खबरा तिच्याकडे. ती एकदा कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"कोण येतेय गं तुझी? इतके दिवस नुसती ओढणीच अभ्यास करतेय. ओढणीच पास होणार बघ."

"लांबून येते," चैताली म्हणाली. "घरचं सगळं उरकून येते बिचारी. पावसात वाहन मिळत नाही."

संध्याकाळी चहा पिताना तिनं मला हे सांगितलं आणि आम्ही दोघी खूप हसलो. मग तिला नादच लागला. रोज विचारणाऱ्याला नवं काही सांगायची. तिची सासू कडक आहे. तिचे केस लांब आहेत, वाळायला वेळ लागतो. ती कुणाशी बोलत नाही, लाजते. जात्यावर बसलेली बाई ओवीला ओवी जोडत जाते ना, तशी ही रोज एक धागा जोडत गेली.

"आणि नाव काय ठेवलंस?" मी विचारलं.

"नाव नाही ठेवलं. विचारलंच नाही कुणी."

तेव्हा मला काही वाटलं नाही...

त्याच आठवड्यात चैताली जेवून परत आली आणि खुर्चीपाशी थबकली. सकाळी तिनं ओढणी बोळा करून टाकली होती. आता ती घडी घालून ठेवलेली होती. काठाला काठ लावून. एखादी बाई माहेराहून आणलेलं लुगडं ठेवते तशी.

वर पांढऱ्या भुकटीची बोटं उमटली होती.

मला वाटलं, बांधकामावरची झुंबरबाई. पवनेकडची, राडारोडा उचलायला यायची. मी तिला आडभिंतीच्या छोट्या दारात गाठलं.

"झुंबरबाई, मुलांच्या सामानाला हात लावू नका बरं."

"आवो म्याडम, मला त्या अंगाला पाय ठिवू देत न्हाईत तुमचं सायेब. आन पोरीच्या ओढनीची घडी मी कशापायी घालू? माज्या घरात माजी मी घालत न्हाई." तिनं दोन्ही पंजे माझ्यासमोर धरले. "ह्यो बगा हात. ह्या हातानं घडी घातली तर धुनं पुन्हा काढावं लागंल."

तिचे पंजे रुंद होते, सिमेंटनं राखाडी झालेले.

ओढणीवरची बोटं बारीक होती. लांब. आणि पांढरीशुभ्र.

दोन दिवसांनी सारिका चैतालीला जिन्यात भेटली.

"आली की गं तुझी मैत्रीण! पण काय गं, हाक मारली तर वळून बघेना. एवढा कसला ताठा?"

चैताली हसली. तिला वाटलं, ही आपली चेष्टा करतेय. "हो का? कशी दिसते?"

"पाठमोरी होती. केस ओले होते. एवढे लांब... खुर्चीच्या खाली पाणी ठिबकत होतं. पुसून घ्या बाई, कोणी तरी घसरायचं."

चैताली धावत टेबलाशी गेली. कोणी नव्हतं.

खुर्चीखाली पाणी होतं.

छत गळतंय, मी म्हटलं. त्यासाठीच तर सगळं काम काढलंय. मी वर पाहिलं... तिथलं छत कोरडं होतं. मी ते तिला बोलून दाखवलं नाही.

मग मी स्वतः पाहिलं.

दुपारची वेळ. पलीकडचे मजूर जेवायला शेडमध्ये गेलेले. ड्रिल थांबलं की त्या हॉलला एक वेगळीच शांतता यायची, दुखणारा दात एकदम थांबावा तशी. धुकं आत शिरलं होतं. मी काउंटरवरून मान वर केली आणि शेवटच्या टेबलाकडे सहज नजर गेली.

दोन डोकी दिसली.

एक चैतालीचं, वाकून लिहिणारं. दुसरं तिच्या अगदी जवळ झुकलेलं. तिच्या वहीत बघत असलेलं...

मी उठले. चालत गेले. पळाले नाही, कारण पळाले तर ते खरं ठरलं असतं. एक कपाट आड आलं. ते ओलांडलं.

चैताली एकटी होती. शेजारची खुर्ची टेबलापासून मागे ओढलेली. ओढणी टेबलावर, घडी घातलेली.

"आत्या, काय झालं?"

"काही नाही. उद्यापासून जागा धरू नकोस. नियमात बसत नाही."

तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि वाद घातला नाही. दुसऱ्या दिवसापासून ती खुर्ची मोकळी. ओढणी नाही, बाटली नाही. हॉलमध्ये तर मुलं जमिनीवर बसलेली. मला वाटलं, पाच मिनिटांत कुणी तरी बसेल.

एक मुलगा दप्तर घेऊन गेला. खुर्चीपाशी पोचला. थांबला.

"सॉरी, सॉरी," म्हणाला आणि मागे फिरला.

मग एक मुलगी. ती पण गेली, वाकली... "सॉरी हं." परत आली.

दिवसभर तेच. कुणी ओरडलं नाही, कुणी घाबरलं नाही. भरलेल्या खुर्चीपाशी चुकून गेलं की माणूस जसं म्हणतं, तसं ते रिकाम्या खुर्चीला म्हणत होते. सॉरी. आणि चैताली शेजारी बसून हे सगळं ऐकत होती.

मी सुहास सरांना सांगितलं. ते हसले. "मॅडम, रिकाम्या खुर्चीवर मी काय कारवाई करू? चला, मीच बसतो."

तरातरा गेले. मी लांबून बघत होते. खुर्चीपाशी जाऊन त्यांनी हात पुढे केला, मग मागे घेतला. किंचित वाकले. परत आले तेव्हा वैतागलेले होते.

"तुम्ही तर म्हणालात रिकामी आहे. बसल्यात की त्या बाई."

"कोण बाई, सर?"

त्यांनी हळूच मागे वळून पाहिलं. त्यांचा चेहरा असा उतरला... खिशातला रुमाल काढून त्यांनी चष्मा पुसला, पुसतच राहिले. त्या दिवसापासून सर त्या टोकाकडे फिरकले नाहीत.

त्या रात्री घरी चैताली जेवली नाही.

"आत्या, मी एक चूक केली."

"कसली?"

"दुपारी ड्रिल थांबलं ना, तेव्हा भिंतीपलीकडून आवाज आला. पानं उलटल्याचा. सावकाश, एक... एक... एक. तिकडे तर काहीच नाही, फरशी पण उखडलीये. मी भिंतीला कान लावला आणि विचारलं, कोण आहे?"

"मग?"

"अगदी कानाशी आवाज आला, आत्या. म्हणजे तिनं पण तिकडून कान लावला होता." चैतालीचे ओठ कोरडे पडले होते. "म्हणाली, तू माझी जागा धरलीस. कुणी धरत नाही गं. आता मी तुझ्यासाठी धरलीये."

मी तिला कुशीत घेतलं. तिच्या केसांत हात फिरवला आणि बोटांना काही तरी खरखरीत लागलं.

चुना होता. बारीक, पांढरा चुना. तिनं संध्याकाळीच केस धुतले होते.

दुसऱ्या दिवशी मजूर जेवायला बसल्यावर मी झुंबरबाईला सोबत घेतलं आणि आडभिंतीच्या दारातून पलीकडे गेले.

उघडाबोडका हॉल. भिंतींचं प्लास्टर सोललेलं, जमिनीवर खडी. खिडक्यांना हिरवी जाळी, तिच्यातून धुकं गाळून येत होतं. आणि मधोमध, त्या खडीवर... एक खुर्ची.

खुर्चीवर जांभळी ओढणी. घडी घातलेली. वर पाण्याची बाटली, काठोकाठ भरलेली.

ओढणी आम्ही सकाळी घरी कपाटात ठेवून निघालो होतो.

"ही खुर्ची कुणी आणली इथे?"

"आमालाच ठावं न्हाई," झुंबरबाई दारातूनच म्हणाली. ती आत आलीच नव्हती. "रोज आमी भायेर काढतो. जेवून आलं की हाय हितंच. मुकादमाला वाटतंय आमीच बसाया आणतो. मला म्हन्ला, झुंबरे, म्हाराणी झालीस व्हय? म्हन्लं, मुकादम, एकदा तुमीच बसून दावा. त्यो बी बसंना."

"कुणी मेलंबिलं होतं का इथे कधी?"

"मला काय इचारता? तुमीच हितल्या. माज्या सासूला इचारलं तर ती म्हनती, आसरा असतील. पान्याजवळच्या. आता हितं कुटं आलंय पानी? तिला समद्यातच आसरा दिसत्यात."

मी नंतर खूप चौकशी केली. जुन्या शिपायांना विचारलं, निवृत्त झालेल्या बाईंना फोन केला. त्या हॉलमध्ये कधी कुणी मेलं नव्हतं. इमारतीच्या आधी तिथे नुसतं गवत होतं. काही सापडलं नाही. सापडलं असतं तर बरं वाटलं असतं.

ओढणी मी आणून जाळली. बाटली फेकली. आणि वाटलं, संपलं.

खरी भीती त्यानंतर सुरू झाली.

एका मुलानं येऊन चैतालीच्या टेबलावर दप्तर टाकलं. तिच्या वहीवर. तिच्या हातावर.

"ए, दिसत नाही का?" ती ओरडली.

तो दचकून मागे झाला. डोळे बारीक करून तिच्याकडे बघितलं. "सॉरी... मला वाटलं इथे कोणी नाहीये."

पुढचे काही आठवडे, पलीकडे फरशी बसत होती तोवर, हे वाढतच गेलं. सारिका तिच्या शेजारून हाक न मारता गेली. कँटीनवाल्यानं सगळ्यांना चहा दिला, हिला नाही. स्टेशनपाशी रिक्षा हिनं हात केला तरी थांबेना. आधी आम्ही योगायोग म्हटलं. मग म्हणायचं सोडून दिलं.

तिकडे शेवटच्या टेबलाच्या दुसऱ्या खुर्चीला सगळे सॉरी म्हणत होते. आणि पहिलीवर बसलेल्या जिवंत मुलीला विचारत होते...

"इथे कोणी आहे का?"

मी तिला घरी ठेवलं. दार लावून अभ्यास कर म्हटलं. रजा काढून मीही घरी थांबले. पण दुसऱ्या संध्याकाळी मी एकच ताट वाढलं, जेवले, भांडी घासायला उठले आणि मागून आवाज आला.

"आत्या... मला?"

ती तिथेच बसली होती. मघापासून. पाटावर, माझ्या समोर.

माझ्या हातातून ताट पडलं. ज्या लेकराला मी न्हाऊमाखू घातलं, ज्याच्या पावलांचा आवाज मला अंगणापलीकडून ओळखू येतो, ते समोर बसलेलं मला दिसलं नव्हतं. मी तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला. थंड होता. धुक्यासारखा थंड.

"आत्या, मला भीती वाटतेय. तू मला विसरणार का?"

"नाही गं बाई. नाही."

पण म्हणताना मला आठवावं लागलं की तिच्या डाव्या गालावर तीळ आहे की उजव्या.

त्या रात्री मी तिचा हात माझ्या हाताला दुपट्ट्यानं बांधून झोपले.

सकाळी तिला सोबत घेऊनच लायब्ररीत गेले. स्कूटरवर मागे ती आहे की नाही ते दर वळणावर हात मागे नेऊन चाचपत होते. आत पोचलो तर सगळीकडे गडबड. पलीकडचा अर्धा भाग तयार झाला होता. नवी फरशी, रंग, सगळं. उद्या आडभिंत काढायची आणि मुलांना तिकडे बसवायचं.

उद्या...

ती जागा उद्या उघडी होणार होती. आणि चैतालीसाठी तिथे कुणी तरी वाट बघत होतं.

मी काउंटरवर बसले होते, काही सुचत नव्हतं. समोर दोन मुलांचं भांडण जुंपलं. नेहमीचंच. एकानं रुमाल ठेवलेल्या खुर्चीवर दुसरा बसला होता.

"मी धरली होती जागा!"

"धरली असशील. आता मी बसलोय. रुमाल काय माणूस आहे का? ऊठ म्हणून दाखव."

पहिला थोडा वेळ धुसफुसला. मग रुमाल उचलून गेला.

मी त्या दोघांकडे बघतच राहिले.

दुपारी मजूर जेवायला गेले. चैतालीला मी काउंटरवर माझ्या खुर्चीत बसवलं. म्हटलं, हलू नकोस. आणि आडभिंतीचं दार उघडून आत गेले.

रंगाचा ताजा वास. पांढऱ्या भिंती. फरशी इतकी गुळगुळीत की तिच्यात धुकं दिसत होतं. सामान अजून आलेलं नव्हतं. रिकामा, स्वच्छ हॉल आणि मधोमध ती खुर्ची.

वर जांभळी ओढणी. मी स्वतःच्या हातांनी जाळलेली.

मी ती उचलली. ओली होती. बाजूला ठेवली.

मला वाटलं, मलाही सॉरी म्हणून परत फिरावंसं वाटेल. आणि खरंच, खुर्चीला हात लागला तशी ती ओशाळी भावना अंगभर आली, की आपण कुणाच्या तरी अंगावर बसतोय... जीभ आपोआप वळत होती. मी दात आवळले. डोळे मिटले.

बसले.

थंडी अशी की हाडं वाजली. मला प्रार्थनेचे शब्द आठवेनात, वडिलांचं पुस्तक आठवेना. ओठांवर आली ती एक ओवी. कुठून आली माहीत नाही. आजीची नव्हती, कुणाचीच नव्हती.

धुक्याच्या पल्याड, कोण मांडीतं गं पाट
माझ्या भाचीच्या आधी, मी चालले ती वाट

पावलं वाजली.

ओली पावलं, नव्या फरशीवर. सावकाश. भिंतीकडून माझ्याकडे. माझ्या मागे येऊन थांबली. माझ्या खांद्यावर पाण्याचा एक थेंब पडला. मग दुसरा. ओल्या चुन्याचा वास आला.

मी वळून पाहिलं नाही.

"इथे कोणी आहे का?"

आवाज मऊ होता. तरुण. अगदी वाचनालयात विचारावा तसा, दुसऱ्याला त्रास होऊ नये म्हणून हळू.

"हो," मी म्हटलं. "मी आहे."

"ही जागा धरलेली आहे."

"माहीत आहे."

"येतेय ती."

"ती येणार नाही." माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. "मी बसलेय इथे."

थेंब पडत राहिले. कुठे तरी खाली गाडीची शिटी झाली. मला वाटलं, आता हात येईल, त्या बारीक पांढऱ्या बोटांचा. गळ्यावर येईल, केसांत येईल...

हात आला नाही. फक्त कानाशी श्वास आला आणि ती म्हणाली,

"बरं."

एवढंच. रागावून नाही, रडून नाही. कुणी तरी आलं ना, मग झालं, असं.

पावलं गेली. दार वाजलं नाही.

मी बाहेर आले तेव्हा पहिला आवाज कानावर पडला तो सारिकाचा.

"चैताली, अगं पाय आवर ना! काउंटर काय तुझ्या काकाचा आहे का? एवढी पसरून बसलीयेस ती!"

चैतालीनं तिच्याकडे बघितलं. आणि हमसून हमसून रडायला लागली. सारिका बिचारी घाबरली. "अगं, मी गमतीनं म्हटलं..." पण ती तिचा हात सोडेचना. मला पण म्हणे रडू आलं होतं. मला ते आठवत नाही.

चैतालीनं परीक्षा दिली. आता ती पुण्यात वसतिगृहात असते. तिला सगळे ओळखतात, रिक्षावाले थांबतात, मैत्रिणी त्रास देतात. तिच्या डाव्या गालावर तीळ आहे. मी रोज सकाळी उठून तो आठवते.

आडभिंत निघाली. दुसरा अर्धाही नवा झाला. नव्या खुर्च्या आल्या, सगळ्या एकसारख्या. त्यांतली ती कुठली, मला ओळखू येत नाही. कुणी कुठे सॉरी म्हणताना ऐकू येत नाही.

फक्त हजेरीचं मशीन माझा अंगठा घेत नाही. सर म्हणतात, थंडीनं होतं, बोटं घासतात. परवा तेच सर काउंटरपाशी आले आणि शिपायाला म्हणाले, "यशोधरा मॅडम आज आल्या नाहीत का?" मी तिथेच होते. त्यांच्यासमोर, हातात त्यांनीच मागवलेलं पुस्तक घेऊन.

काल एका मुलीनं काउंटरवर टकटक केलं. मी म्हटलं, बोल बेटा. तिनं परत टकटक केलं. मी तिच्या मनगटाला हात लावला तेव्हा ती किंचाळली.

सकाळी भांग पाडताना कंगव्यातून पांढरी भुकटी पडते. मी ती झाडून टाकते.

चैतालीचा दर रविवारी फोन येतो. गेल्या वेळी ती सारखं म्हणत होती, "आत्या, बोल ना. ऐकू येत नाहीये. आत्या?" मी बोलत होते. मोठ्यानं बोलत होते. शेवटी मेसेज करून सांगितलं की घाटात रेंज नाही.

तिला यातलं काही कळू द्यायचं नाही. तिला कळलं तर ती पहिल्या गाडीनं येईल आणि माझ्या जागी जाऊन बसेल. माझीच भाची आहे ती.

वर नावं बदलली आहेत, पण ओळखणारे ओळखतील. तुमच्यापैकी कुणी तिच्या ओळखीचं असेल तर तिला हे वाचायला देऊ नका.

विचारलंच तिनं, तर सांगा की आत्या भेटली होती. बरी दिसत होती.

दिसत होती, हे आठवणीनं सांगा...